राखाडी पट्टीतली माणसं

“कचऱ्याचा डबाबी वतलास?”

“ओतला. त्याशिवाय जागाच सुटत नव्हती. आधी फायली नुसत्या काढल्या, तरी कॉम्प्युटर म्हणे भरलंय ते भरलंयच. मग कळलं, काढलेलं सगळं डब्यात जाऊन बसतं. डबा रिकामा केला तरच जागा मोजतो तो.”

“कवा केलास?”

“मागच्या गुरुवारी. तुम्ही सुतकात होता, म्हणून विचारायला आलो नाही. बघा तर, सहाशे नव्वद जीबी मोकळे झाले!”

दारातल्या पायरीवर चहाचा डबा घेऊन बसलेली लोर्ना मावशी खिदळली. “बघ की गं पोरी, तुझ्या नवऱ्यानं घर कसं लख्ख झाडून ठिवलंय. माझा मेला इकडची काडी तिकडं करत न्हवता.”

गॅरेथ कानापर्यंत लाल झाला. वाळवंटातल्या आदिवासींच्या कर्ल्यू बोअर वस्तीत कॉम्प्युटरच्या कामाला येऊन त्याला सातच आठवडे झाले होते. आलेल्या गोऱ्याला, म्हणजे कार्डियाला, कुठल्या तरी कुळीत बसवल्याशिवाय वस्तीला चैन पडत नाही. त्याला जांगाला कुळी मिळाली. आणि जांगाला पुरुष हा नुंगरायी बाईचा रीतीनं नवराच. त्या दिवसापासून म्हाताऱ्यांना चघळायला विषय मिळाला होता.

पण विचारणारी कोरल नुंगरायी हसली नाही. ती खुर्चीतही बसली नाही. एकवीस दिवस ती वस्तीच्या उगवतीला, सुतकाच्या छावणीत, पत्र्याच्या आडोशाला जमिनीवर निजली होती. चुलतभाऊ गाडी उलटून गेला होता. तिचे केस भादरलेले होते, दंडावरचा पांढऱ्या मातीचा लेप अजून पुरता निघाला नव्हता. सुतकातून उठून ती सरळ आपल्या कामाच्या जागी, वस्तीच्या फिल्मा-फोटो जपायच्या मीडियाच्या खोलीत आली होती, कारण शनिवारी आईचं मौन सुटायचं होतं आणि त्याआधी एक जुनी फिल्म शोधून ठेवायची होती.

पडद्यावर एक आडवी पट्टी होती. निळा तुकडा फिल्मांचा, पिवळा फोटोंचा, हिरवा आवाजांचा, आणि राखाडी म्हणजे ‘इतर’. ती सुतकात गेली तेव्हा पट्टी काठोकाठ भरलेली होती आणि निम्म्याच्या वर राखाडी होती. आता राखाडी नखाएवढी उरली होती.

“त्यात काय हाय, उघडून बघितलंस?”

“दहाबारा उघडून बघितल्या. एकही उघडेना. ही फाइल कशाची आहे ते समजत नाही, असंच सांगतो कॉम्प्युटर. आणि नाव सगळ्यांचं एकच. कुमंजायी एक, कुमंजायी दोन, असं पार चारशे अठरापर्यंत. मला वाटलं कुणीतरी चुकून एकाच माणसाच्या प्रती काढत बसलंय.” मग तो जरा चाचरला. “कुमंजायी नावाची माणसं इथं खूप आहेत, एवढं माझ्या लक्षात आलं होतं.”

मावशीचा चहाचा डबा तोंडापाशीच थांबला.

“व्हय,” कोरल म्हणाली, “लई हायेत. आन् रोज वाढत्यात.”

माणूस मेलं की त्याचं नाव मरतं. त्याचं नाव तोंडातून काढायचं नाही, दुसऱ्या जित्या माणसाचं तेच नाव असलं तरी त्यालाही त्या नावानं हाक मारायची नाही. कुमंजायी म्हणायचं, बिननावाचा. फोटो उलटे करायचे, आवाज बंद करायचा, घराला धूर द्यायचा. किती वर्षं, ते त्या घरानं ठरवायचं. पूर्वी हे सोपं होतं. फिल्मा टेपच्या पट्ट्यांवर असत, पट्ट्या डब्यांत, आणि डबे लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात टाकून कुलूप लावलं की झालं. एकोणीस वर्षं कोरलनं ते कुलूप सांभाळलं. मग सगळं एका डिस्कवर आलं आणि जुन्या पट्ट्या फेकल्या गेल्या. तिथं मेलेली आणि जिती एकाच फळीवर बसू लागली.

दोन वर्षांपूर्वी तिचा बाप गेला. कुळीनं तो जपालजारी. नाव इथं येणार नाही. रानातला पाण्याचा एकेक झरा त्याला पाठ होता, आणि तोंडानं भलता फाटका माणूस. झरा दाखवता दाखवता तीन शिव्या आणि एक गाणं व्हायचंच. एकसष्ट फायली त्याच्या नावावर होत्या. तो गेला त्याच दुपारी काका आला, बापाचा धाकटा भाऊ, तोही जपालजारी. दारातूनच म्हणाला, “नाव काढ.”

कोरलनं पहिल्या फाइलचं नाव खोडून कुमंजायी लिहिलं. शेवटचं टिंब आणि तीन अक्षरं तशीच राहिली. पण नावाच्या वर टिकलीएवढं चित्र होतं, त्यात म्हातारा टोपी मागं सारून हसत होता. ते दिसलं मात्र, काका भिंतीकडं तोंड करून हंबरला. त्यानं कपाळ भिंतीवर आपटलं. “तोंड! तोंड झाक त्येचं! अर्धं नाव काय पुसतीस? मुळापासनं पुस!”

तिनं सगळं पुसलं. टिंब, अक्षरं, सगळं. कॉम्प्युटरनं विचारलं, असं केलं तर फाइल कामाची राहणार नाही, नक्की करायचं का? कार्डियाची यंत्रं उठल्याबसल्या नक्की का, नक्की का विचारतात, तिला सवय होती. तिनं हो म्हटलं. आणि म्हाताऱ्याचं हसरं तोंड नाहीसं झालं. त्याच्या जागी कोरा पांढरा कागद आला.

“आता झाकलं,” काका म्हणाला, आणि खाली बसला.

एकसष्ट वेळा विचारलं, एकसष्ट वेळा तिनं हो म्हटलं. तिला मनातून बरंही वाटलं होतं, की आपल्या रीतीला कळेल असं काही तरी या यंत्रातही आहे. मग ज्या घरात मयत होई ते घर तिच्याकडं येई. “तुज्या बाचं झाकलंस तसं झाक.” दोन वर्षांत वस्तीतली आणि आजूबाजूच्या पाड्यांवरची मिळून तेवीस माणसं तिनं झाकली. पट्टीतलं राखाडी वाढत गेलं, निळं आटत गेलं. ते तिला दिसत होतं. माणसं कमी होतात तशी पट्टीही होते, असं तिला वाटायचं. त्यात तिला चूक काही दिसली नाही. अजून एकाही घरानं झाकलेलं परत उघडा म्हटलं नव्हतं. पहिलं घर तिचंच असणार होतं.

आई, कुळीनं नाकामारा, नवरा गेल्यापासून बोललेली नव्हती. रांडावलेल्या बाईनं बोलायचं नसतं. ती जिलिमीत, एकट्या बायकांच्या वाड्यात राहायला गेली आणि दोन वर्षं हातांनी बोलली. बोटांनी चहा मागायची, मनगट झटकून पोरांना हाकलायची, कोपरावर थाप मारून कोरलला शिव्या घालायची. आठवड्यातून तीनदा दवाखान्यात जाऊन यंत्रावर रक्त धुऊन घ्यायची, तिथल्या नर्सांनाही निम्मी बोली हातांची येऊ लागली होती. आता तिचं काळीज थकलं होतं. डॉक्टरीणबाईनं कोरलला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आणि आईला न सांगताच कळलं होतं. तिनं दिरांना, नणंदांना हातांनीच विचारलं आणि सगळ्यांनी होकार दिला: शनिवारी मौन सोडायचं. बायका तिच्या ओठांना अन्न लावतील, मग ती बोलेल. आणि बोलायच्या आधी तिला एकदा त्याला बघायचं होतं, ऐकायचं होतं. एकसष्टातली एक, दोन तास चाळीस मिनिटांची, तो रानातले झरे दाखवतो ती फिल्म. हातानं तिनं कोरलला एवढंच सांगितलं होतं: पाणी, खोदणं, तो.

“गॅरेथ,” कोरल पहिल्यांदाच त्याच्या नावानं बोलली, “तुला ज्या उघडल्या न्हाईत त्या का उघडल्या न्हाईत?”

त्यानं तिच्याकडं बघितलं. मग मावशीकडं. मावशीनं तोंडावर पदरासारखा हात धरला होता. काहीतरी भलतं झालंय एवढं त्याला कळलं. त्या नावांच्या शेवटी टिंब नव्हतं, हे आठवून त्यानं फुटबॉलच्या सामन्याची एक फाइल घेतली. नावाच्या शेवटचं टिंब आणि तीन अक्षरं खोडली. कॉम्प्युटरनं विचारलं, नक्की का? तो हो म्हणाला. खेळाडू नाहीसे झाले, कोरा कागद आला. मग त्यानं पट्टी परत मोजायला लावली. निळं सुतभर आटलं, राखाडी सुतभर वाढलं.

“ह्ये शेपूट कापलं म्हणून?”

“हो. कॉम्प्युटर शेपूट वाचतो आणि ठरवतो, ही फिल्म, हा फोटो, हे गाणं. शेपूट नसलं की ‘इतर’मध्ये टाकतो.”

“आत बघत न्हाई?”

“इथं तरी नाही. किती जागा घेतली एवढं मोजतो.”

“म्हंजी आत मानूस हाय का माती हाय, त्येला ठावं न्हाई.”

“नाही.”

“मंग ह्येचं शेपूट परत लाव.”

त्यानं टिंब आणि तीन अक्षरं परत लिहिली. खेळाडू परत आले, होते तसे, एक जण चेंडूसाठी उंच उडालेला.

“यवडंच?” कोरलनं विचारलं.

“एवढंच,” गॅरेथ म्हणाला, आणि मग त्याला सगळं समजलं. तो इतका पांढरा पडला की मावशी म्हणाली, “बस खाली जांगाला, पडशील.”

कोरल उभीच होती. बापाचं तोंड झाकलं असं तिला वाटलं होतं. कॉम्प्युटरला ना तोंड ठाऊक होतं ना मरण. तिनं स्वतःच्या हातानं त्याच्या अंगावरची खूण कापून त्याला ढिगात टाकला होता, आणि त्याच्यामागून बावीस घरांची माणसं तिथंच नेऊन घातली होती. या पोरानं फक्त ढीग उचलला.

“रविवारची डिस्क,” ती एकदम म्हणाली. लोखंडी कपाटात दुसरी डिस्क होती, दर रविवारी ती लावली की जुनं पुसून पहिलीवरचं सगळं आपोआप तिच्यावर उतरायचं. तिनं कपाट उघडलं. डिस्क लावली. पट्टी आली: निळं, पिवळं, हिरवं. राखाडी नव्हतंच.

गॅरेथ बराच वेळ कॉम्प्युटरात खुडबुड करत राहिला. “माझ्या आधी जो होता, त्यानं सांगून ठेवलंय. फिल्म, फोटो आणि आवाज तेवढे घ्यायचे. ‘इतर’ घ्यायचं नाही. जागा वाचवायला.”

मावशी उठली, डब्यातला चहा मातीत ओतला आणि जिलिमीच्या दिशेनं चालू लागली. “आयेला सांगू नगंस!” कोरल ओरडली. मावशीनं मागं न बघता हात हलवला.

मंगळवारच्या टपालाच्या विमानानं पहिली डिस्क अॅलिस शहरात दुरुस्तीला गेली. दुरुस्तीवाल्या बाईनं फोनवर सांगितलं की पुसलेलं लगेच जात नसतं, जागा नुसती मोकळी म्हणून नोंदली जाते. त्यावर दुसरं काही येईपर्यंत जुनं खाली पडून असतं. “त्यानंतर काही घातलंय का त्यावर?” गॅरेथनं घातलं होतं. चार वस्त्यांच्या सामन्यांचे तीन दिवस.

“तुम्ही मला मारलं तरी चालेल,” तो कोरलला म्हणाला.

“मारून काय करू? मंग सरकारी रिपोर्ट कोन लिव्हील?” ती म्हणाली. “आन् तू यकटा न्हाईस त्यात. जा, चहा टाक.”

त्या तीन दिवसांत तिनं बावीस घरी जाऊन झालेलं सांगितलं. गॅरेथ बरोबर येतो म्हणाला. तिनं नको म्हटलं. कुणी दार लावून घेतलं. एका म्हातारीनं मूठभर माती तिच्या पायांवर फेकली. एक जण म्हणाला, “बरं झालं, सुटला बिचारा,” आणि परत पत्त्यांकडं वळला. सगळ्यांत वाईट घर शेवटचं होतं. तिथली सहा वर्षांची पोर सात महिन्यांपूर्वी गेली होती. कोरल सांगत होती आणि पोरीची आई पीठ मळत होती, मळतच राहिली. शेवटी म्हणाली, “माजी पोर मी कवाच उघडाय सांगनार न्हवते. पन हाय तितं हाय, यवडं मला ठावं हुतं.”

शुक्रवारी सकाळी डिस्क परत आली, बरोबर एक छोटी डिस्क. दुरुस्तीवाल्या बाईनं दोनशे सात तुकडे काढले होते. फोनवर ती खूश होती.

“त्यात माजा बा हाय का?” कोरलनं विचारलं.

“ते मी कसं सांगू? नावं गेलीत सगळी. मी फक्त एक ते दोनशे सात आकडे दिलेत.”

“साईज बघून? त्येची लई मोटी हुती. दोन तास चाळीस मिनटं.”

“मोठ्या फायली फुटल्यात. एकाच फिल्मचे आठ-दहा तुकडे, काही मिनिटाचे, काही दोन सेकंदांचे. उघडून बघावे लागतील एकेक.”

कोरलनं फोन ठेवला. उघडून बघायचे. दोनशे सात झाकलेली दारं, आणि कुठल्या दारामागं कुणाचं मयत, ते उघडल्याशिवाय कळणार नाही. त्यात ती पोर असेल. त्यात गेल्या पावसात गेलेला लॉरीवाला असेल. ज्यांचं सुतक फिटलं नाही त्यांचं तोंड तिनं बघायचं, त्यांचा आवाज ऐकायचा?

“मी बघतो,” गॅरेथ म्हणाला. “मला तुमची रीत लागू नाही. मी एकटा बसून बघतो.”

“आन् वळखनार कसा? तू आलास तवा त्यो जाऊन दोन वरसं झालीवती.”

“सांगा ना, कसे दिसायचे?”

“म्हातारा. दाढी. टोपी. रानात बसून बोलतोय.” ती पहिल्यांदाच हसली, तेही वाईट. “हितला परत्येक म्हातारा त्यो हाय.”

ज्यांना तोंड ओळखीचं त्यांना बघायची मनाई, आणि ज्याला मनाई नाही त्याला तोंड ठाऊक नाही.

दुपारी आई आपणच आली. दवाखान्याची गाडी तिला मीडियाच्या खोलीपाशी सोडून गेली. हाताला पट्टी होती, मावशीनं दंड धरला होता. तिला सगळं ठाऊक होतं, हे कोरलला तिच्या चालीवरून कळलं. ती पंख्याखाली बसली आणि हातानं विचारलं: आहे?

कोरलही हातानंच बोलली. तिला तोंडानं जमलं नसतं. तुकडे. पुष्कळ. सगळी मिसळली. ती लहान पोरही त्यात.

आईनं पोरीची खूण परत करून विचारली. ती? कोरलनं होकारार्थी मान हलवली.

म्हातारीनं छोट्या डिस्ककडं बघितलं. तिच्या पायांवर सूज होती, माश्या बसत होत्या. मग तिनं उजवा हात उचलला, बोटं मिटली आणि मूठ पालथी घालून मांडीवर ठेवली. बंद.

“आये, थोडं तरी बघूया. मी कानात घालून आयकते, तुला न्हाई दावत. त्येचा आवाज आला तर—”

म्हातारीनं कोपरावर थाप मारली, जोरात. मग पुन्हा मूठ पालथी. मावशी म्हणाली, “तिचं ठरलंय गं. उगं तिला दमवू नगंस.”

छोटी डिस्क कोरलनं लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात ठेवली. शेवटचं घर उघडा म्हणेल तेव्हाच उघडायची, असा बावीस घरांना निरोप गेला. ते घर त्या पोरीचं, हे सगळ्यांना माहीत होतं.

शनिवारी सकाळी जिलिमीच्या अंगणात बायका जमल्या. आईच्या अंगाला तांबडी माती आणि चरबी लावली, आणि नणंदेनं भाजलेल्या कंदाचा तुकडा तिच्या ओठांना लावला, एकदा, दोनदा. सगळ्या वाट बघत राहिल्या. दोन वर्षं गंजलेल्या गळ्यातून आधी नुसता खोकला आला. मग शब्द आला.

“ह्यो कच्चा हाय.”

बायका हसल्या, एक-दोघी रडल्या. नणंद म्हणाली, “तोंड उघडलं न्हाई तंवर खोट काढाय लागली!” मग चहा झाला, पाव आणि डब्यातलं मांस झालं, आणि बायका पांगल्या. कोरल आईचे पाय चेपत बसली. उन्हं आडोशाच्या आत आली होती.

“मी बोलले न्हाई,” आई म्हणाली, “ती रीत म्हणून. पन आनखी यक हुतं. आपन गप ऱ्हायलं तर त्येचा आवाज कानात ऱ्हाईल, असं मला वाटायचं. माजा आवाज त्येच्यावर पडाय नगं.” तिनं घोट घेतला. “पैल्या वरसी ऱ्हायला हुता. मंग गेला. कवा गेला तेबी कळलं न्हाई. म्हणून तुला म्हणलं हुतं.”

कोरलचं चेपणं थांबलं.

“पाय जोरात चेप की. हात मोडलं का तुजं?”

सोमवारी सकाळी आठला कोरलनं मीडियाची खोली उघडली. चुलतभावाच्या घरचे पायरीवर येऊन बसलेच होते, तिघं, भादरलेली डोकी, खाली माना. “झाक,” त्यातली थोरली म्हणाली. गॅरेथनं विचारलं, मी बाहेर जाऊ का? कोरल म्हणाली, जा, दुकानातनं दूध आन.

सत्तावीस फायली होत्या. तिनं आधी टिकलीएवढी चित्रं दिसायचीच बंद केली. कसं करायचं ते गॅरेथनं कागदावर लिहून दिलं होतं. मग पहिल्या नावावर गेली. नाव खोडलं, कुमंजायी लिहिलं, टिंबापाशी येऊन थांबली. टिंब आणि तीन अक्षरं तशीच राहू दिली. कॉम्प्युटरनं काही विचारलं नाही. ती दुसऱ्या नावावर गेली.